पांढरं ग्रीस

३ जून

मावशी,

नमस्कार. पत्रात कामाचं आधी आणि खुशाली शेवटी, ही तुझी शिस्त पाळते. तुझं मशीन गळायला लागलंय.

तू लहान घरात गेलीस तेव्हा मला दिलेलं ते पीठ मळायचं मोठं मशीन. माझे सगळे पाव त्याच्यावरच होतात. काल भांडं काढताना बघते तर हूक अडकवतो त्या दांड्यावरून तपकिरी तेलाचा ओघळ खाली आलेला, आणि पिठाच्या गोळ्यावर करंगळीच्या नखाएवढा डाग. वास जुन्या शिलाई मशीनसारखा. मी तेवढा भाग चिमटीने काढून टाकला.

दुरुस्तीवाला म्हणतो, मशीन ठेवून जा, पुढच्या महिन्यात बघू. पुढचा महिना मला कसा चालेल? लेक जाते त्या पाळणाघराच्या बाईंनी मुलांच्या सकाळच्या खाऊसाठी माझे पाव घ्यायला नुकती सुरुवात केलीय. महिनाभर बघू, मग कायमचं ठरवू, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घर याच पावांवर उभं आहे, हे तुला मी सांगायला नको.

म्हणून मी स्वतःच स्क्रू काढून झाकण उघडलं. आत काजळासारखं काळं ग्रीस कडेला साचलंय, मधले गिअर कोरडे ठणठणीत आणि तळाशी त्याचं सुटलेलं तेल. आता हे साफ करून नवं काय घालू? नवऱ्याकडे स्कूटरचं ग्रीस डबाभर आहे. माझ्या मनात आलं, त्यापेक्षा खायचं तेलच घालावं, म्हणजे गळलं तरी पोटात तेलच जाईल. त्यावर तो म्हणाला, "मशीनला फोडणी घालतेस का?"

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला धीर धरवत नाही. लगेच लिही. बाकी आम्ही बरे आहोत.

तुझी ठमी

७ जून

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत नाही.

स्कूटरचा डबा स्कूटरपाशी ठेव आणि तेल कढईपाशी. खायचं तेल गिअरच्या उष्णतेने खवट होतं आणि डिंकासारखं चिकटून बसतं. शिवाय पातळ, म्हणजे आजच्यापेक्षा जास्त गळेल. स्कूटरचं ग्रीस घट्ट असतं, पण ते पोटासाठी केलेलं नसतं. तुझ्या मशीनचे गिअर भांड्याच्या बरोबर डोक्यावर आहेत. त्यातलं थेंबभर कधीतरी खाली येणारच असं धरून वंगण निवडायचं असतं. येणार नाही असं धरून नव्हे.

मी बिस्किटांच्या कारखान्यात तपासणी खात्यात आयुष्य घालवलं. तिथे मळायच्या मशीनना एकच ग्रीस चालायचं, पांढरं. तेच आण. गिअरसाठी घट्ट बघून आण. जुनं सगळं लाकडी काडीने खरवडून काढ, कापडाने पूस, खाचाखोचाही सोडू नकोस. दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली की बऱ्याचदा पातळ होऊन वाहू लागतात. नवं गिअरच्या दातांवर नीट बसव, पण खोकं भरून टाकू नकोस. जास्त झालं की तेही बाहेरचा रस्ता शोधतं.

आता एक प्रश्न. डाग चिमटीने काढलास असं लिहिलंस. बाकीच्या गोळ्याचं काय केलंस ते लिहिलं नाहीस. लिही.

मावशी

१५ जून

मावशी,

नमस्कार, आणि या वेळी पेढ्याऐवजी पाव समज. मशीन चालू झालं.

तू म्हणालीस तसं सगळं खरवडलं, कापूस काडीला गुंडाळून खाचा पुसल्या. हातांचा रंग अजून गेलेला नाही. मग हार्डवेअरच्या दुकानात गेले. "पांढरं ग्रीस द्या," म्हटल्यावर दुकानदाराने वर न बघताच हात घातला आणि डबी काढली. वर बिजागरीचं आणि सायकलचं चित्र. मी विचारलं, "पांढरंच ना?" तो म्हणाला, "ताई, दुधासारखं." उघडून दाखवलं. खरंच दुधासारखं.

मशीन आता इतकं गुपचूप चालतं की मी दोनदा हात लावून बघितलं, फिरतंय ना. आधी बाजूच्या खोलीतली लेक त्याच्या आवाजाने जागी व्हायची, आता तिला हलवून उठवावं लागतं. तुझं एक ऐकलं नाही, जरा जास्तच भरलं गेलं. सुरुवातीला थोडं खाली येत होतं. पण पांढरं असल्यामुळे पिठात कळतही नाही.

पाळणाघरात बऱ्याच मुलांची पोटं बिघडलीत. हवा बदलली की व्हायचंच, असं बाई म्हणतात. आमचीही एक दिवस घरी होती. आता बरी आहे. पावांबद्दल बाई खूश आहेत. महिना नीट गेला की कायमचं होईल असं वाटतं.

तुझ्यामुळे निभावलं.

ठमी

१९ जून

ठमे,

हे वाचायच्या आधी मशीनची वायर काढ. मग पुढे वाच.

शेजारणीला सांगून तुला दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे.

पांढरा हा रंग आहे, परवाना नाही. आमच्या कारखान्यात त्या ग्रीसचं नाव लांबलचक होतं, म्हणून सगळे त्याला 'पांढरं' म्हणायचे. कोठारात दुसरं पांढरं काही नव्हतंच, त्यामुळे चालून जायचं. बाहेरच्या दुकानात बिजागरीचं ग्रीसही पांढरं मिळतं, हे मला लिहिताना सुचायला हवं होतं. सुचलं नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी तुझ्या गळ्यात घालत नाही. पण 'पिठात कळतही नाही' हे वाक्य तुझं आहे. ते लिहिताना तुझा हात थांबायला हवा होता.

डबीच्या मागे बारीक अक्षरांत काय छापलंय ते भिंग घेऊन वाच आणि शब्द न् शब्द मला कळव. खाद्यपदार्थांच्या मशीनसाठी जे ग्रीस असतं त्यावर तसं स्वच्छ लिहिलेलं असतं, की अन्नाला चुकून किंचित लागलं तरी चालेल. बहुतेक डब्यांवर त्यासाठी एच-१ अशी खूण असते. ती नसेल तर दुधासारखं असो नाहीतर लोण्यासारखं, ते तुझ्या स्वयंपाकघरातलं नाही.

पाळणाघराच्या बाईंना आजच सांग. मुलांची पोटं बिघडली आहेत असं तूच लिहिलं आहेस.

मावशी

२७ जून

मावशी,

उशीर झाला. रोज लिहायला बसत होते.

फोन आला तेव्हा हात पिठात होते आणि नंबर अनोळखी होता. तुझं पत्र मिळाल्याबरोबर वायर काढली. आता हाताने मळते. पहाटे उठते, मनगटं सुजलीत, पण पाव वेळेवर पोचतात.

डबीमागे असं आहे. 'बिजागऱ्या, कुलपे, सायकलची साखळी यांसाठी उपयुक्त. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. खाद्यपदार्थांशी संपर्क टाळावा.' एच-१ वगैरे काही नाही. खरं तर भिंगाचीही गरज पडली नाही. त्या दिवशी दुकानात डबी उलटी केली असती तर उभ्या उभ्या वाचता आलं असतं.

लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, असं लिहिलंय. मी त्यांच्या तोंडात दिलं.

बाईंना अजून सांगितलेलं नाही. रोज टोपली ठेवायला जाते तेव्हा ठरवून जाते. दाराशी मुलांच्या चपलांची ओळ दिसते आणि आज त्यात कुणाच्या नाहीत ते मी मोजायला लागते. मग बाई "ठेवा तिथे" म्हणतात आणि मी ठेवून परत येते. नवरा म्हणतो, "आता मशीन बंद केलंयस ना? मग थेंबभर ग्रीससाठी दवंडी पिटून काय मिळणार? सांगितल्याने पोटं बरी होणार आहेत का?" मी त्याच्याशी भांडते आणि मग त्याचंच ऐकते.

तू तपासणीत होतीस. मला एवढंच लिही, की ते विष नाही. बाकी काही लिहू नकोस.

ठमी

३० जून

ठमे,

विष नाही असं मी लिहिलं तर तू ते पत्र घडी घालून ठेवशील आणि बाईंकडे कधीच जाणार नाहीस. म्हणून बाकीचंही लिहिते.

माझ्या डॉक्टरांना विचारलं. इतकं थोडं पोटात गेलं तर बहुधा काही होत नाही, झालंच तर पोट जरासं बिघडतं, असं ते म्हणाले. नेमकं काय आणि किती गेलं हे कळल्याशिवाय यापुढे बोलणार नाही, असंही म्हणाले. शहाणा माणूस आहे. तर 'बहुधा' हा शब्द तुझ्या पदरात टाकते. पण तो तू स्वतःच्या मुलीपुरता वापरू शकतेस. दुसऱ्याच्या मुलासाठी 'बहुधा' म्हणायचा हक्क त्याच्या आईचा, आणि तिला अजून काही माहीतच नाही. त्या मुलांना औषध देणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नाही. तो हवेला दोष देत बसला असेल.

तुझ्या नवऱ्याला सांग, दवंडी लांबची गोष्ट झाली, आपण एका बाईला एक वाक्य सांगायचं म्हणतोय.

आणखी एक. माझं कुरिअर आलं त्या सकाळचे पाव कुठे होते? वायर काढलीस ते लिहिलंस, पावांचं लिहिलं नाहीस. पहिल्या गोळ्याचं उत्तरही राहिलंच आहे. तू जे लिहीत नाहीस ते मला आता वाचता यायला लागलं आहे, आणि ते मला आवडत नाही.

मी गाडीत बसून येऊ शकते आणि बाईंना सांगू शकते. येणार नाही. मी सांगितलं तर ते तू सांगितलेलं होणार नाही.

मावशी

६ जुलै

मावशी,

सांगितलं.

दुपारी गेले, मुलं झोपलेली असतात तेव्हा. बाई खालीच बसून लहान लहान चादरींच्या घड्या घालत होत्या. मी म्हटलं, "बाई, पावांबद्दल बोलायचं होतं." त्या म्हणाल्या, "बसा. मी वाटच बघत होते."

मी सगळं सांगितलं. मशीन, तपकिरी डाग, पांढरी डबी. डबी पिशवीतून काढून पुढे ठेवली. त्यांनी ती उलटी केली आणि मागचं वाचलं. त्यांना सुचलं ते मला सुचलं नव्हतं. मग लगेच पाळणाघराच्या डॉक्टरांना फोन लावून डबीवरचं सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ नुसतं "हो", "हो" चाललं होतं. मी चादरीचं एक टोक हातात धरून बसले होते. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "मुलांची पोटं पाण्यामुळे बिघडलीत. टाकीची झाकणी फुटली होती, आत घाण सापडली, तपासणीत कालच कळलं. घरून डबा आणणारी मुलंही आजारी पडलीत आणि पाव आवडीने खाणारी दोन ठणठणीत आहेत. डॉक्टर म्हणतात, तुमच्या ग्रीसचा यात काही हात दिसत नाही. तरी ते सगळ्यांना एकदा तपासतील."

मी म्हटलं, "मग उद्यापासून मी हाताने मळलेलेच..."

"उद्यापासून पाव बंद," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "पण आत्ताच तुम्ही म्हणालात, ग्रीसमुळे नाही."

"ग्रीसमुळे नाहीच."

आता तू विचारलंस ते लिहिते. कुरिअर आलं तेव्हा त्या सकाळचे पाव टोपलीत भरून तयार होते. तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. वायर काढली. मग टोपली उचलली आणि पोचवून आले, कारण खाऊची वेळ झाली होती आणि दुसरं काही करायला अवधी नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. निघताना लेकीच्या खिशात एक केळं घातलं आणि तिच्या कानात म्हटलं, आज पाव खाऊ नकोस.

हे बाईंना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी पाव हातात घेऊन नुसती बसली होती. खा म्हटलं तर म्हणाली, आईने सांगितलंय, मी नाही खायचा. मी विचारलं, का गं, बाकीच्यांनी खायचा? तर म्हणाली, त्यांचं नाही सांगितलं."

मग त्यांनी घडी घातलेली चादर पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली. म्हणाल्या, "दुकानात याहून चांगले पाव मिळतात. तुमचे घेत होते ते एवढ्याचसाठी की तुमची मुलगी इथेच खाते. त्या दिवसापासून मी रोज बघत होते, आज ही सांगते का. रोज टोपली ठेवून जात होता. पाव मी मुलांना दिले नाहीत. मागच्या दाराने कचऱ्यात जात होते."

मी सुजलेल्या मनगटांनी मळलेले पाव. पण ते बोलायची माझी काय छाती होती.

संध्याकाळी मुलांना न्यायला पालक आले तेव्हा बाईंनी मला शेजारी उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं. मुलीचं सोडून. ते त्यांनी वगळलं. एक आई मला वाटेल ते बोलली. एक वडील म्हणाले, "सांगितलंत हे बरं केलंत." त्या आईचं बोलणं सोसलं, यांचं नाही सोसलं. कारण त्यांना अर्धंच माहीत होतं.

पहिल्या गोळ्याचं उत्तर. डागाभोवतीचं थोडं काढलं आणि बाकीचे पाव भाजून दिले. लेकीनेही त्यातला खाल्ला होता. तेव्हा तरी सगळ्यांना सारखंच दिलं होतं.

आज नवऱ्याने स्कूटर धुतली, मग पुन्हा धुतली.

ठमी

१० जुलै

ठमे,

बाईंनी योग्य केलं. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी तुला दारात विचारलं असतं. त्यांनी तुला संधी दिली. तू ती रोज टोपलीसारखी खाली ठेवलीस.

एवढं मात्र मी तुझ्या बाजूने धरते, की तू गेलीस तेव्हा टाकीचं तुला माहीत नव्हतं. सगळं आपल्यावर येणार असं समजूनच गेलीस. आणि मुलीच्या कानात काय सांगितलंस ते मला लिहिलंस. न लिहिता भागलं असतं. मला कधी कळलं नसतं.

सोबत डबा पाठवते आहे. जुन्या ओळखीतून मागवला. खाद्यपदार्थांच्या मशीनचं ग्रीस, एच-१, गिअरसाठीचं घट्ट. मागचं सगळं मी वाचलंय. मी वाचलंय म्हणून तू सोडून देऊ नकोस, माझ्यावर विसंबून काय झालं ते आपण बघितलं. रंग पिवळट आहे. दचकू नकोस.

बिजागरीचं एक कणभरही आत राहता कामा नये. सगळे गिअर बाहेर काढून पूस. या वेळी बेताने भर. मग भांड्यात नुसतं पांढरं फडकं अंथरून मशीन रिकामं फिरव आणि फडक्यावर काही पडतंय का बघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघ. काही पडलं नाही तरच पीठ घाल. पहिला घाणा फेकून दे. या वेळी सगळा.

रडून झालं असेल तर कामाला लाग. घर चालवायला पाव लागतील, ते घेणारी दुसरी माणसं शोध, आणि त्यांना आधी हे सगळं सांग.

मावशी

२० जुलै

मावशी,

डबा मिळाला. मागचं वाचलं, मग नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावलं. गिअर त्यानेच काढून पुसले. खाचेतलं पांढरं काढायला माझ्या हातातली काडी घेतली. फडकं कोरडं राहिलं, दुसऱ्या दिवशीही. पहिला घाणा सगळा फेकला.

एका खानावळवालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, विचार करून कळवते. अजून कळवलेलं नाही. पाळणाघरात लेक जाते. बाई तिच्याशी पूर्वीसारख्याच आहेत, माझ्याशी कामापुरत्या. पुन्हा पाव घेतील असं मला वाटत नाही आणि मी विचारणारही नाही.

तुला लिहायचं होतं ते वेगळंच. त्या दिवसापासून लेक घरात काहीही खायच्या आधी विचारते, "हे मी खायचं ना?" दूध ठेवलं तरी, फळ ठेवलं तरी. भीती नाही तिच्या आवाजात. चप्पल उजवी की डावी विचारावं तसं विचारते. मी रोज "हो गं" म्हणते.

आज चांगल्या घाण्यातला पहिला पाव तिच्यापुढे ठेवला. अजून गरम होता. तिने तो उचलला, खालून बघितला, वास घेतला.

"हा आपला आहे की त्यांचा?" तिने विचारलं.

"एकच आहे," मी म्हटलं. "आपला आणि सगळ्यांचा एकच."

तिने थोडा विचार केला आणि पाव माझ्यापुढे सरकवला.

"मग तू आधी खा."

मी खाल्ला, मावशी. मी गिळेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग उरलेला माझ्या हातातून घेतला.

तुझी
ठमी